स्कॉटलंडचा तरुण डिटेक्टिव्ह खुनाचा तपास नेमका कसा करतो? सारखे विचारले जाणारे प्रश्न

ओटीटीवर स्कॉटिश क्राइम सिरीज बघून झाली की लोकांचे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. इथे कुठल्या सिरीजचा रिव्ह्यू नाहीये, खऱ्या कामाबद्दल आहे. सिरीजमधला तिशीतला डिटेक्टिव्ह पावसात एकटा भटकतो, एकटाच संशयिताच्या घरी जातो आणि शेवटी एकट्यासमोर खुनी कबुली देतो. स्कॉटलंडच्या कायद्यात ह्या तिन्ही ठिकाणी केस बोंबलू शकते, का ते प्रश्न ६ पासून पुढे येईल. प्रश्नांना नंबर दिलेत, उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे फक्त नंबर सांगितलाय.

१. स्कॉटलंड यार्ड म्हणजेच स्कॉटलंडचे पोलीस ना?

नाही हो. स्कॉटलंड यार्ड हे लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचं मुख्यालय, नाव पडलं ते लंडनमधल्या एका जागेवरून, एडिंबरा-ग्लासगोशी त्याचा काही संबंध नाही. स्कॉटलंडच्या फोर्सचं नाव 'पोलीस स्कॉटलंड', आधी तिथे आठ वेगवेगळे फोर्स होते (स्ट्रॅथक्लाइड, लोदियन अँड बॉर्डर्स, ग्रॅम्पियन वगैरे), ते १ एप्रिल २०१३ ला एकत्र केले. ब्रिटनमध्ये लंडननंतर हाच सगळ्यात मोठा फोर्स. आणि १७०७ मध्ये इंग्लंडशी एकी झाली तरी स्कॉटलंडने आपला कायदा आणि कोर्टं वेगळी ठेवली, त्यामुळे इंग्लिश सिरीज बघून जे शिकलात त्यातलं अर्धं इथे चालत नाही.

२. आपल्याकडे परीक्षा देऊन थेट पीएसआय होता येतं, तसं थेट डिटेक्टिव्ह होता येतं का?

स्कॉटलंडमध्ये नाही. इंग्लंडमध्ये काही फोर्स थेट डिटेक्टिव्ह भरती करतात पण इथे सगळ्यांची सुरुवात कॉन्स्टेबल म्हणून युनिफॉर्ममध्ये. ट्रेनिंग फाइफमधल्या टुलिअलनच्या पोलीस कॉलेजात, मग दोन वर्षं प्रोबेशन, शनिवारी रात्री पबबाहेरच्या मारामाऱ्या सोडवायच्या, घरगुती भांडणाच्या कॉलवर जायचं, हरवलेली म्हातारी माणसं शोधायची. त्यानंतर सीआयडीसाठी, म्हणजे डिटेक्टिव्ह विभागासाठी, प्रयत्न करता येतो.

अजून एक गैरसमज म्हणजे डिटेक्टिव्ह झालं की प्रमोशन मिळालं. तसं नसतं. डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल आणि साधा कॉन्स्टेबल एकाच रँकचे, फक्त काम वेगळं. वरती मग सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडेंट आणि प्रत्येकाच्या आधी 'डिटेक्टिव्ह' लागतं. त्यामुळे सिरीजमधला अठ्ठावीस वर्षांचा पोरगा जो अख्ख्या तपासाचा बॉस असतो तो खऱ्यात बहुतेक डीसी, म्हणजे डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल असेल आणि त्याच्यावर चार-पाच साहेब असतील.

३. खून झाला की तपास लोकल पोलीस स्टेशनच करतं का?

पहिले पोचतात ते लोकल युनिफॉर्मवाले. जागा सील करायची, कोण आत गेलं कोण बाहेर आलं ह्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. जागेला तिथे 'लोकस' म्हणतात, कोर्टातही हाच शब्द. मग खून किंवा संशयास्पद मृत्यू दिसला की एमआयटी येते, मेजर इन्व्हेस्टिगेशन टीम. सगळा फोर्स एक झाल्याचा मोठा फायदा हाच की छोट्या गावातल्या खुनालाही ग्लासगोच्या खुनाएवढीच अनुभवी टीम मिळते. तपासाच्या प्रमुखाला एसआयओ (सीनियर इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर) म्हणतात आणि तो सहसा डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर किंवा सुपरिंटेंडेंट असतो. त्याच्याही डोक्यावर एक माणूस असतो जो पोलीसच नाहीये, तो प्रश्न ९ मध्ये.

४. मग नवख्या डीसीच्या वाट्याला नक्की काय येतं?

कामाचा डोंगर येतो, आणि माझ्या मते सिरीजपेक्षा हाच भाग जास्त इंटरेस्टिंग आहे.

मोठ्या तपासात सगळं एका कॉम्प्युटर सिस्टीममध्ये जातं, तिचं नाव होम्स (हो, शेरलॉकवरूनच ओढूनताणून जमवलेलं नाव आहे). यॉर्कशरच्या सिरीयल किलरच्या तपासात कार्डांच्या ढिगात माहिती हरवली, एकाच माणसाला पोलीस परत परत भेटून आले पण ते कोणी जोडून बघितलं नाही, त्यानंतर ऐंशीच्या दशकात ही सिस्टीम आली. प्रत्येक जबाब, प्रत्येक गाडी नंबर, प्रत्येक नाव त्यात चढतं आणि त्यातून 'अॅक्शन' निघतात. अॅक्शन म्हणजे एक छोटं काम, जसं की अमुक घरातल्या माणसाला भेट, त्या रात्री तो कुठे होता विचार, तो सांगतो ते खरं का तपास. सकाळच्या ब्रीफिंगला डीसीला अशा अॅक्शन मिळतात, संध्याकाळपर्यंत त्या उरकून लिहून द्यायच्या आणि त्यातून उद्याच्या नवीन निघतात.

म्हणजे दार ठोठावत फिरणं, दुकानांचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत मिळवणं आणि मग ते तासन्‌तास बघत बसणं, बस कंपनीकडून तिकिटांचा डेटा, मोबाईल कंपनीकडून कॉल्स, साक्षीदारांचे जबाब, पोस्टमॉर्टेमला हजर राहणं. आणि मुद्देमाल. त्याला तिथे 'प्रॉडक्शन' म्हणतात, प्रत्येक वस्तूला लेबल आणि लेबलवर सह्या, ती कुठून कोणाच्या हातात गेली ही साखळी तुटली की डिफेन्सचा वकील त्यावरच नाचतो. नवख्या पोराला प्रॉडक्शनचं काम दिलं तर तो वैतागतो, पण खटल्यात साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा घाम फुटतो तो ह्याच लेबलांवरून.

५. मयताच्या घरच्यांना सांगायला कोण जातं?

फॅमिली लायझन ऑफिसर, आणि खुनाच्या केसमध्ये तो बरेचदा डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबलच असतो, वेगळं ट्रेनिंग घेतलेला. तो घरच्यांना आधार देतो हे खरं पण तो तपास अधिकारीसुद्धा आहे, म्हणजे किचनमध्ये चहा पिताना कानावर आलेलं महत्त्वाचं काही असेल तर ते त्याच्या नोंदीत जातं. घरच्यांनाही हे आधीच स्पष्ट सांगतात. लोकांना वाटतं हा सगळ्यात सोपा जॉब, पण खून करणारा घरातलाच निघायची शक्यता असते तेव्हा ह्याच्याइतकं अवघड काम दुसरं नसेल.

६. सगळीकडे दोघं दोघंच का जातात? सेफ्टीसाठी?

सेफ्टी आहेच पण मूळ कारण कायदा आहे. स्कॉटलंडमध्ये 'कॉरोबोरेशन'चा नियम आहे. आरोप सिद्ध करायला ज्या मुख्य गोष्टी लागतात, म्हणजे गुन्हा घडला ही एक आणि तो ह्याच माणसाने केला ही दुसरी, त्या प्रत्येकीला कमीत कमी दोन स्वतंत्र ठिकाणांहून पुरावा पाहिजे. एक साक्षीदार कितीही खरा असला, बिशप असला तरी एकट्याच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवता येत नाही. आपल्याकडे उलट आहे, भारतात एका विश्वासू साक्षीदारावर खुनाची शिक्षा होऊ शकते, पुरावा कायद्यात साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही असं सरळ म्हटलंय.

मग पोलिसांच्या रोजच्या कामात हा नियम मुरलेला आहे. महत्त्वाचा मुद्देमाल उचलताना, झडती घेताना, संशयित काही बोलला तर ते ऐकायला, दोघं. जोडीदाराला तिथले पोलीस 'नेबर' म्हणतात. नवीन डीसीला अनुभवी नेबर मिळाला तर त्याचं नशीब, कारण शिकायचं ते सगळं गाडीत शेजारी बसूनच शिकायचं असतं.

आता विचार करा, सिरीजचा हिरो एकटा गोदामात घुसतो आणि रक्ताळलेला चाकू उचलतो. केस तिथेच मेली असं नाही, फॉरेन्सिक वगैरे असतं, पण तो चाकू तिथे होता हे सांगणारा हा एकटाच, आणि सकाळी साहेबासमोर त्याची जी हजेरी घेतली जाईल ती बघण्यासारखी असेल.

७. पण खून तर एकांतात होतो, दुसरा साक्षीदार आणायचा कुठून?

दोन पुरावे म्हणजे दोन डोळ्यांनी बघणारे साक्षीदार असं नाही. एकाने पळताना बघितलं आणि बुटावर मयताचं रक्त सापडलं, झाले दोन. नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावरही शिक्षा होते, फक्त ते धागे वेगवेगळ्या ठिकाणांहून यायला हवेत. म्हणून खुनाच्या केसेसमध्ये हा नियम बाहेरून वाटतो तितका आडवा येत नाही, सगळ्यात जास्त आडवा येतो तो लैंगिक गुन्ह्यांत जिथे खरंच दोघंच असतात.

त्यावर जुना उपाय म्हणजे मूरोव्ह डॉक्ट्रिन, १९३० ची केस, मूरोव्ह हा ग्लासगोचा एक दुकानदार आपल्या दुकानातल्या बायकांना त्रास द्यायचा, प्रत्येक घटनेला साक्षीदार एकच, ती बाई स्वतः. कोर्टाने म्हटलं की घटना वेळ, प्रकार, परिस्थिती ह्यांनी एकमेकींशी घट्ट जोडलेल्या असतील तर एकीची साक्ष दुसरीला आधार देऊ शकते. कॉरोबोरेशनचा नियमच काढून टाका अशी शिफारस २०११ मध्ये एका न्यायाधीशांच्या समितीने केली, सरकारने विधेयकही आणलं पण विरोध इतका झाला की २०१५ मध्ये तो भाग सोडून दिला. नियम आहे तो आहे, कोर्टाने अलीकडे तो थोडा सैल केलाय एवढंच.

८. आरोपीने स्वतः कबुली दिली तर मग तरी संपलं ना?

नाही संपलं. भारतात पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालतच नाही, स्कॉटलंडमध्ये चालते पण ती एकच पुरावा धरतात, दुसरा लागतोच.

इथे एक भारी अपवाद आहे आणि तो समजायला पीटर मॅन्युएलची केस बघा. १९५० च्या दशकात ग्लासगोच्या आसपास खून करत सुटलेला हा माणूस, जानेवारी १९५८ मध्ये पकडला. त्याने कबुली दिली, आणि पोलिसांना रात्री एका शेतात नेऊन बेपत्ता मुलीला कुठे पुरलंय ती जागा दाखवली. ती जागा खुन्याशिवाय कोणाला माहीत असणार? तर कबुली आणि त्यातली गोष्ट प्रत्यक्ष खरी निघणं, हे मिळून दोन पुरावे, असं कोर्टाने धरलं, ह्याला 'स्पेशल नॉलेज' म्हणतात. खटल्यात त्याने मध्येच वकिलांना काढून स्वतःची केस स्वतः लढवली. आठ खुनांचा आरोप होता, पण त्यातल्या एका खुनाला पुरेसा आधार देणारा पुरावा नाही म्हणून न्यायाधीशांनीच ज्युरीला सांगितलं की त्या आरोपातून सोडा. एवढा मोठा खुनी समोर उभा असताना! उरलेल्या सात खुनांत दोषी ठरला आणि ११ जुलै १९५८ ला बार्लिनी जेलमध्ये फाशी.

म्हणून आजही हुशार डिटेक्टिव्ह खुनाचे काही बारकावे मीडियापासून लपवून ठेवतात. गळा कशाने आवळला हे पेपरात छापून आलं तर ते 'स्पेशल' राहत नाही, कोणीही सांगू शकतो.

९. हा प्रोक्युरेटर फिस्कल कोण असतो? सिरीजमध्ये सगळे त्याला घाबरतात.

सरकारी वकील, पण नुसता कोर्टातला नाही. स्कॉटलंडमध्ये संशयास्पद मृत्यूचा तपास फिस्कलच्या अधिकाराखाली होतो, पोलीस त्याच्या सूचनेनुसार काम करतात. खुनाच्या जागेवर फिस्कल स्वतः येऊ शकतो, पोस्टमॉर्टेम करायचं का हे तो ठरवतो. पोलीस चार्ज लावतात आणि रिपोर्ट पाठवतात पण खटला चालवायचा की नाही, खुनाचा चालवायचा की कमी गुन्ह्याचा, हा निर्णय क्राउन ऑफिसचा, म्हणजे फिस्कलांच्या मुख्य कार्यालयाचा. सगळ्यात वर लॉर्ड अॅडव्होकेट, स्कॉटलंडचा मुख्य सरकारी वकील. डीसीसाठी अर्थ एवढाच की 'मला पक्कं माहितीये हाच आहे' ह्याला किंमत शून्य, फिस्कल विचारणार दुसरा पुरावा कुठाय.

१०. कोरोनर कुठे असतो मग? आणि बॉडी परत मिळायला एवढा वेळ का?

स्कॉटलंडमध्ये कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, नसतोच, ते इंग्लंडचं. इथे त्याचं काम फिस्कल करतो. काही मृत्यूंत, उदाहरणार्थ जेलमधल्या किंवा कामावर अपघाताने झालेल्या, शेरीफसमोर (तिथे शेरीफ म्हणजे खालच्या कोर्टाचा न्यायाधीश) जाहीर चौकशी होते पण तिथे ज्युरी नसते आणि कोणाला दोषी ठरवायचं नसतं.

संशयास्पद मृत्यूचं पोस्टमॉर्टेम दोन डॉक्टर मिळून करतात, कारण परत तेच, प्रश्न ६. बॉडी द्यायला उशीर लागतो कारण आरोपीच्या बाजूला स्वतःचा डॉक्टर आणून परत तपासणी करायचा हक्क आहे. घरच्यांसाठी हे फार वाईट असतं, आणि आरोपी अजून सापडलाच नसेल तर आणखी लांबू शकतं.

११. संशयिताला किती दिवस ताब्यात ठेवता येतं?

दिवस नाही, तास. २०१८ च्या जानेवारीपासून नियम असा आहे की अटकेनंतर चार्ज न लावता १२ तास, वाढवून जास्तीत जास्त २४. इंग्लंडमध्ये खुनाच्या केसमध्ये कोर्टाच्या परवानगीने ९६ तासांपर्यंत जाता येतं. आपल्याकडच्या पोलीस कोठडीशी तुलनाच नको.

त्याच्याही आधी स्कॉटलंडमध्ये सहा तास होते आणि त्या सहा तासांत वकील भेटायचा हक्कच नव्हता! २०१० मध्ये कॅडर नावाच्या केसमध्ये यूकेच्या सुप्रीम कोर्टाने हे मानवी हक्काविरुद्ध आहे म्हटलं आणि एका दिवसात सगळी पद्धत बदलली, कितीतरी चालू केसेस गळाल्या.

२४ तासांत काम झालं नाही तर अटी घालून सोडता येतं, अशा अटी जास्तीत जास्त २८ दिवस. म्हणून डिटेक्टिव्ह अटकेची घाई करत नाहीत, आधी सगळी जमवाजमव करतात आणि मग पहाटे दार वाजवतात.

१२. आरोपी 'नो कॉमेंट' म्हणत गप्प बसला तर संशय वाढतो ना?

माणूस म्हणून वाढेल, कायद्याने नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानंतर काही परिस्थितीत गप्प बसण्याचा अर्थ ज्युरी काढू शकते, स्कॉटलंडमध्ये पोलिसांसमोर गप्प बसला म्हणून विरुद्ध अर्थ काढता येत नाही. पण इंटरव्ह्यू तरीही महत्त्वाचा, कारण खोटं बोलायला लागला की ते तपासून खोटं पाडता येतं, आणि कधी स्पेशल नॉलेजही निसटतं (प्रश्न ८).

१३. बातमीत नुसतं 'एका ३२ वर्षांच्या माणसाला अटक' का येतं, नाव का नाही?

कारण अटकेपासून कोर्टाच्या अवमानाचा कायदा लागू होतो, म्हणजे खटल्यावर परिणाम होईल असं काही छापता येत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये तो फार गंभीरपणे घेतात. पोलीस सहसा नाव देत नाहीत, शेरीफ कोर्टात पहिली हजेरी झाली की नाव छापतात. ती हजेरीही बंद दाराआड असते, बातमीत 'त्याने कुठलीही प्ली दिली नाही' (म्हणजे गुन्हा कबूल की नाकबूल हे सांगितलं नाही) एवढंच येतं, त्यात काही गूढ नाहीये, त्या टप्प्यावर सगळ्यांचं तसंच होतं. त्यानंतर आरोपी जेलमध्ये असेल तर १४० दिवसांत खटला सुरू व्हायला हवा, कोर्टाने मुदत वाढवली नाही तर.

१४. मर्डर आणि कल्पेबल होमिसाइडमध्ये फरक काय?

आपल्याकडे खून आणि सदोष मनुष्यवध आहे ना, साधारण त्या अंगाने जा. स्कॉटलंडमध्ये खुनाची व्याख्या कुठल्या कलमात लिहिलेली नाही, ती कोर्टाच्या निकालांतून आलीये: मारायचाच हेतू, किंवा समोरचा मेला तरी बेहत्तर अशी कमालीची बेफिकिरी. ते नसेल, किंवा प्रचंड चिथावणी होती, किंवा मानसिक अवस्था बिघडलेली होती तर कल्पेबल होमिसाइड. खुनाला जन्मठेप सक्तीची आणि न्यायाधीश 'पनिशमेंट पार्ट' सांगतात, तेवढी वर्षं तरी आत काढायचीच, त्यानंतरच पॅरोलचा विचार.

१५. बोटांचा ठसा सापडला म्हणजे शंभर टक्के ना?

ह्या एका प्रश्नासाठी एका खऱ्या तरुण डिटेक्टिव्हची गोष्ट सांगतो, कारण स्कॉटलंडमध्ये ह्याहून मोठा धडा नाही.

जानेवारी १९९७, किल्मार्नॉक. एका ५१ वर्षांच्या महिलेचा तिच्या घरात खून झाला. तपासाच्या टीममध्ये शर्ली मॅकी नावाची डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होती. घरातल्या बाथरूमच्या दाराच्या चौकटीवर एक ठसा सापडला आणि ठसेतज्ज्ञांनी सांगितलं हा मॅकीच्या अंगठ्याचा. ती म्हणाली मी त्या घरात आत गेलेच नाही. झालं, आता एकतर ती खोटं बोलतेय, नाहीतर ठशाचं शास्त्र चुकलंय, आणि तेव्हा ठसा चुकतो हे मानायला कोणी तयारच नव्हतं. कारण त्याच केसमध्ये ज्या तरुणावर खुनाचा आरोप होता त्याच्या विरुद्धचा मुख्य पुरावाही ठसाच होता, त्याच्या घरी सापडलेल्या पैशांच्या डब्यावर मयत बाईंचा ठसा आहे म्हणून. तिचं म्हणणं खरं धरलं तर दुसऱ्या ठशावरही प्रश्न येणार.

कोर्टात ती शपथेवर तेच बोलली. मग तिलाच अटक, शपथेवर खोटं बोलल्याचा खटला. १९९९ मध्ये अमेरिकेतून आलेल्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं की तो ठसा तिचा नाहीच आणि ज्युरीने एकमताने तिला निर्दोष सोडलं. पण नोकरी गेली, वर्षं गेली. ज्या तरुणाला खुनात दोषी ठरवलं होतं त्याची शिक्षा २००२ मध्ये रद्द झाली. २००६ मध्ये तिला साडेसात लाख पौंडांची भरपाई मिळाली, आणि २०११ च्या अखेरीस जाहीर चौकशीचा अहवाल आला: ठसा चुकीचा ओळखला गेला, कारण मानवी चूक, कटकारस्थान नाही.

तिच्याच घटकातले लोक तिच्या विरोधात उभे असताना ती एका वाक्यावर ठाम राहिली, 'मी आत गेले नव्हते'. साहेबांना हवं ते बोलली असती तर नोकरी राहिली असती. आज फॉरेन्सिक विभाग पोलीस स्कॉटलंडच्या हाताखाली नाही, स्कॉटिश पोलीस ऑथॉरिटीकडे आहे, मुद्दाम वेगळा ठेवलाय.

१६. ज्युरी पंधरा जणांची असते हे खरं का? आणि तो 'नॉट प्रूव्हन' निकाल?

खरं, पंधरा. खुनाचे खटले हाय कोर्ट ऑफ जस्टिशिअरीत चालतात. आत्ता-आत्तापर्यंत पंधरापैकी आठ जणांनी दोषी म्हटलं की पुरे होतं, आणि निकाल तीन होते: दोषी, निर्दोष आणि 'नॉट प्रूव्हन'. तिसऱ्यातही आरोपी सुटायचाच, पण मागे एक शंका चिकटून राहायची, १८५७ मध्ये प्रियकराला आर्सेनिक दिल्याच्या आरोपातून मॅडलिन स्मिथ अशीच सुटली आणि लोक अजून वाद घालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा मंजूर करून हा तिसरा निकाल रद्द केला, आणि दोषी ठरवायला आठऐवजी दोन तृतीयांश, म्हणजे दहा जण लागतील असं ठरवलं. जुन्या सिरीज बघताना हे लक्षात ठेवा.

१७. एकदा सुटलेल्या माणसावर परत खुनाची केस करता येते का?

आधी नाही, २०११ च्या कायद्यापासून काही परिस्थितीत हो. १९७७ मध्ये एडिंबराच्या वर्ल्ड्स एंड नावाच्या पबमधून रात्री निघालेल्या दोन सतरा वर्षांच्या मुलींचे खून झाले. तीस वर्षांनी, २००७ मध्ये, अँगस सिंक्लेअरवर खटला आला पण पुरावा अपुरा म्हणून न्यायाधीशांनी ज्युरीपर्यंत जाऊच दिला नाही. त्या निकालावर एवढा गदारोळ झाला की कायदा बदलायची चर्चा तिथून जोरात सुरू झाली. नवीन कायद्याखाली २०१४ मध्ये परत खटला. मुलींना ज्या कपड्यांनी बांधलं होतं त्याच्या गाठी जपून ठेवलेल्या होत्या आणि गाठींच्या आतल्या भागावरून डीएनए मिळाला. किमान ३७ वर्षं अशी शिक्षा झाली, २०१९ मध्ये तो जेलमध्येच मेला. १९७७ मध्ये कोणीतरी त्या गाठी न सोडता, लेबल लावून ठेवल्या, तेव्हा डीएनए तपासणी हा प्रकारच नव्हता. प्रश्न ४ मधलं प्रॉडक्शनचं कंटाळवाणं काम आठवा.

१८. बेटांवर खरंच एवढे खून होतात का?

अजिबात नाही, शेटलंड-ऑर्कनीत वर्षानुवर्षं एकही नसतो. पण एक केस आपल्या लोकांना माहीत हवी. जून १९९४, ऑर्कनीतलं कर्कवॉल, एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईकं जेवत असताना चेहरा झाकलेला माणूस आत आला आणि बांगलादेशी वेटरला गोळी घालून निघून गेला. संशय एका पंधरा वर्षांच्या मुलावर, आणि त्याचे वडील स्थानिक पोलीस! वडिलांनी तपासात अडथळा आणला म्हणून त्यांना १९९७ मध्ये शिक्षा झाली, मुलगा मात्र २००८ मध्ये दोषी ठरला, चौदा वर्षांनी. छोट्या जागी सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून तपास सोपा असं वाटतं, पण पोलीसही त्याच 'सगळ्यांत' येतात.

१९. एकूण स्कॉटलंडमध्ये खून होतात तरी किती?

साधारण ५५ लाख लोकसंख्या आणि २०२२-२३ मध्ये ५२, २०२३-२४ मध्ये ५७ (कल्पेबल होमिसाइड धरून). वीस वर्षांपूर्वी आकडा शंभराच्या वर जायचा. ग्लासगोत २००५ मध्ये व्हायोलन्स रिडक्शन युनिट सुरू झालं, चाकूबाजीकडे साथीच्या रोगासारखं बघायचं म्हणून, त्याला बरंच श्रेय देतात. हत्यार बहुतेक वेळा चाकू, बंदूक क्वचित, आणि मारणारा बरेचदा ओळखीचाच. साधे पोलीसही बंदूक बाळगत नाहीत, ह्या एका वाक्यात 'डिटेक्टिव्ह गोळी का मारत नाही' ह्या प्रश्नाचंही उत्तर आलं.

२०. न सुटलेल्या केसेस आहेत का?

आहेत. १९६८-६९ मध्ये ग्लासगोच्या बॅरोलँड डान्स हॉलला गेलेल्या तीन बायकांचे खून झाले, पेपरांनी खुन्याला 'बायबल जॉन' नाव दिलं. तेव्हा तरुण पोलीस पोरापोरींना साध्या कपड्यात तिथे रोज नाचायला पाठवायचे, संशयित दिसतो का बघायला. १९९६ मध्ये एका मयत माणसाची कबर उकरून डीएनए तपासला, तरी काही सिद्ध झालं नाही. दुसरी नेर्न नावाच्या गावातली, नोव्हेंबर २००४, रविवारी संध्याकाळी एका बँकरला त्याच्याच दारात गोळ्या घातल्या. पिस्तूल गटारात सापडलं, खुनी नाही.

२१. तपास करणाऱ्या डिटेक्टिव्हलाच वाटलं की चुकीचा माणूस पकडलाय, तर?

आज त्याच्यावर कायदेशीर बंधन आहे की तपासात मिळालेली सगळी संबंधित माहिती, आरोपीच्या बाजूची असली तरी, फिस्कलला द्यायची, आणि फिस्कलने ती बचाव पक्षाला. शिक्षा झाल्यावर शंका आली तर १९९९ पासून एक स्वतंत्र कमिशन आहे जे केस परत अपील कोर्टात पाठवू शकतं.

शंभर वर्षांपूर्वी ह्यातलं काही नव्हतं. १९०८ मध्ये ग्लासगोत एका श्रीमंत वृद्धेचा खून झाला आणि ऑस्कर स्लेटर नावाच्या ज्यू परदेशी माणसाला त्यात अडकवलं, फाशी ठरली होती, ऐन वेळी जन्मठेप झाली. ग्लासगोचाच डिटेक्टिव्ह जॉन ट्रेंच म्हणत होता की साक्षीदाराने आधी दुसऱ्याच माणसाचं नाव घेतलं होतं आणि ते दाबलं गेलं. त्याने कागद बाहेर दिले. १९१४ मध्ये बंद दाराआड चौकशी झाली, स्लेटर आतच राहिला आणि ट्रेंचला नोकरीवरून काढलं. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयलने स्लेटरसाठी वर्षानुवर्षं भांडण केलं. १९२७ मध्ये तो सुटला आणि १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली, तेही स्कॉटलंडमध्ये फौजदारी अपील कोर्ट १९२६ मध्ये सुरू झालं म्हणून शक्य झालं. ट्रेंच १९१९ मध्येच वारला होता.

२२. मी मराठी, स्कॉटलंडमध्ये राहतो, मुलीला डिटेक्टिव्ह व्हायचंय. जमेल?

ब्रिटिश नागरिकत्व नसलं तरी यूकेमध्ये राहण्यावर बंधन नसलेली परवानगी असेल तर अर्ज करता येतो, स्टुडंट व्हिसावर नाही. फिटनेस टेस्ट, मुलाखत, आणि घरच्यांसकट पार्श्वभूमीची कसून तपासणी. मराठी-हिंदी येणं कामाला येईल पण कोर्टात जाणारं भाषांतर अधिकृत दुभाषाच करतो, डीसीने स्वतः करायचं नसतं. बाकी रस्ता प्रश्न २ मधलाच, आधी युनिफॉर्म, आणि ग्लासगोतली शनिवारची रात्र.